प्रश्न तुमचे : शहर बदललं, मन तिथेच राहिलं

गेल्या अंकात एका वाचक मैत्रिणीने दोनच ओळी लिहिल्या होत्या, आवडतं शहर सोडून दुसऱ्या शहरात गेलं की किती दिवस त्रास होतो म्हणून. जागा नव्हती, उत्तर पुढच्या वेळी देते असं मी लिहिलं आणि त्यानंतर याच विषयावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. एक गोष्ट मुद्दाम केलीये, कोण कुठून कुठे गेलं ती शहरांची नावं काढून टाकलीत. वाचताना लक्षात आलं की नावं झाकली तरी पत्रांमधलं काहीच कमी होत नाही, आणि नावं ठेवली तर वाचणारा लगेच "ते शहर काय सोडण्यासारखं आहे का" नाहीतर "त्यात एवढं काय आहे" असं तोलायला लागतो. आपल्याला तोलायचं नाहीये.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी बढती मिळाली म्हणून नवऱ्यासोबत दुसऱ्या शहरात शिफ्ट झाले. बढती मीच मागितली होती. पगार चांगला, घर आधीपेक्षा मोठं, नवऱ्याने काही कुरकुर न करता स्वतःची नोकरी बदलली. तरी मला रोज संध्याकाळी घरी येताना रडू येतं. जन्मापासून एकाच शहरात राहिले, कॉलेज तिथे, लग्न तिथे. इथे सगळं आहे पण माझ्या तोंडून सारखं "आमच्याकडे असं नव्हतं" निघतं आणि ऑफिसमधले लोक आता वैतागतात. आई म्हणते, माणूस गेलं तर रडावं, शहरासाठी काय रडायचं. आणि मीच मागितली होती ना बढती, मग कुठल्या तोंडाने रडू? मी जास्त करतेय का?

उत्तर : नाही गं, अजिबात जास्त करत नाहीयेस. आईला जे वाटतं ते बऱ्याच जणांना वाटतं, पण यावर अभ्यास झालेत आणि ते वेगळं सांगतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बॉस्टनमधली वेस्ट एन्ड नावाची अख्खी वस्ती पाडली, तिथे नवं बांधकाम करायचं होतं. मार्क फ्राइड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथून उठलेल्या लोकांशी आधी आणि नंतर बोलून १९६३ मधे लिहिलं की घरातलं माणूस गेल्यावर जे होतं तेच या लोकांना होतंय. बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचं दुःख चांगलंच तीव्र होतं आणि काही जणींना दोन वर्षांनंतरही उदास वाटत होतं. त्यांना बळजबरीने उठवलं होतं आणि तू स्वतःहून आलीस हा फरक आहेच, पण स्वतःहून येणाऱ्याची वेगळी गोची होते, तो दुःख करायचा हक्क आपणहून सोडून देतो. "मीच मागितली होती" हे तू एवढ्याशा पत्रात दोनदा लिहिलंयस. बढती तुला हवी होती आणि शहर सुटायला नको होतं, दोन्ही खरं आहे.

हे आकड्यात पण बघता येतं. १९६७ मधे थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातल्या बदलांचा ताण मोजायला एक यादी केली, जोडीदाराचा मृत्यू म्हणजे १००, घटस्फोट ७३ असे त्यात गुण आहेत. नुसतं घर बदलणं त्यात फक्त २० आहे, म्हणून लोकांना वाटतं एवढं काय. पण शहर बदलताना एकटं घर बदलत नाही. तुझंच बघ, कामातली जबाबदारी बदलली त्याचे २९, राहणीमान बदललं त्याचे २५, लोकांमधली उठबस बदलली त्याचे १८, आणि घराचे २०, झाले ९२. ही बेरीज म्हणजे काही निदान नाही, पण आईला सांगायला उपयोगी पडेल.

आता नेमकं काय गेलंय ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सोपं जातं. मला विचारशील तर शहर सुटल्यावर सगळ्यात आधी जाते ती विचार न करता जगायची सोय. जुन्या शहरात प्लॅटफॉर्मवर कुठे उभं राहिलं की उतरल्यावर जिना बरोबर समोर येतो ते तुझ्या पायांना माहीत होतं, डोक्याला कधी विचारावं लागलं नाही. कुठल्या वळणावर ऊन तोंडावर येतं, कुठल्या बँकेच्या दारात नेहमी गर्दी असते, शॉर्टकट रात्री कुठला घ्यायचा आणि कुठला नाही. घरात सुद्धा तेच, अंधारात हात आपोआप बटणावर जायचा. आता नव्या घरात तोच हात त्याच उंचीवर भिंत चाचपतो, गार प्लॅस्टर लागतं, मग आठवतं की इथे बटण दाराच्या पलीकडे आहे. दिवसभरात अशा बारीक ठेचा लागत राहतात, एकेक सांगायला गेलं तर हास्यास्पद वाटतं म्हणून आपण सांगत नाही, पण संध्याकाळपर्यंत माणूस पार थकतो. तुला रडू नेमकं घरी परततानाच येतं यात मला नवल वाटत नाही.

आणि हे सगळं खरोखर मेंदूत साठलेलं असतं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी जवळपास २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढून २००० साली दाखवलं की जागा लक्षात ठेवणारा जो भाग असतो, हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग, तो त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आहे, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. आपण काही टॅक्सी चालवत नाही, पण ३४ वर्षांत तू पण एक अख्खं शहर डोक्यात बांधलंस आणि आता रोज ते डोक्यात घेऊन दुसऱ्याच शहरात चालतेयस.

मग काय करायचं? पहिलं म्हणजे फोनवरचा नकाशा थोडा बंद कर. २००८ मधे जपानमधे तोरु इशिकावा आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी भागात चालायला लावलं, काहींना जीपीएस, काहींना कागदी नकाशा, काहींना एकदा रस्ता दाखवून. जीपीएसवाले जास्त चालले, जास्त वेळा थांबले आणि नंतर रस्त्याचं चित्र काढायला सांगितलं तर एकदा रस्ता दाखवलेल्यांपेक्षा त्यांचं जास्त चुकलं. तर रविवारी नवऱ्याला घे, एक भाग निवड, फोन खिशात ठेवून हिंडा, चुका, लोकांना विचारा. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर आठवेल तसा नकाशा काढ. केविन लिंच नावाच्या नगररचनाकाराने १९६० च्या सुमाराला लोकांकडून असेच नकाशे काढून घेतले होते आणि त्याच्या लक्षात आलं की शहर आपल्या डोक्यात पाच गोष्टींनी उभं राहतं : रस्ते, कडा म्हणजे नदी किंवा रेल्वे रूळ अशा हद्दी, भाग, चौक आणि खुणेच्या जागा. तुझ्या पहिल्या नकाशावर घर आणि ऑफिस याशिवाय फारसं काही येणार नाही. तारीख टाकून ठेव. दर महिन्याला परत काढ, जुना न बघता.

दुसरं, "आमच्याकडे असं नव्हतं" हे वाक्य. ते दाबू नकोस, पण ऑफिसमधे नको, ते घरी नवऱ्याकडे नाहीतर जुन्या मैत्रिणीकडे फोनवर मनसोक्त काढ. ऑफिसमधे त्याच जागी "इथे हे कसं करतात?" असं विचार. लोकांना स्वतःच्या शहराबद्दल सांगायला फार आवडतं, आणि त्यांना पण त्यांचं शहर तितकंच प्रिय आहे जितकं तुला तुझं, हे जरा लक्षात ठेव.

वेळेचं म्हणशील तर एक जुना अभ्यास आहे. १९५५ मधे नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० जणांशी बोलून पाहिलं. सहा महिन्यांच्या आत परतलेले खुशीत होते, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना सगळ्यात जड गेलं, त्याहून जास्त राहिलेले परत रुळले होते. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पुढच्या अभ्यासांत बऱ्याच जणांना अगदी सुरुवातच सगळ्यात जड गेलेली दिसली. पण सातव्या आठव्या महिन्यात अजून वाईट वाटलं तर आपण मागे चाललोय असं समजू नकोस म्हणून सांगितलं. फक्त एक, झोप, जेवण, काम यातलं काहीच आठवडेच्या आठवडे धड होत नसेल किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं तर थांबू नकोस, डॉक्टरकडे जा.

प्रश्न : नवीन शहरात येऊन थोडेच दिवस झालेत, रात्री गाढ झोपच लागत नाही. जरा खुट्ट झालं की जाग येते. घर शांत आहे. मनातून मी खूश आहे, मग हे काय?

उत्तर : मन खूश असलं तरी मेंदू पहारा देतोय. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात २०१६ मधे दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, बारीक आवाजाला लगेच प्रतिसाद देते. काही दिवसांनी तीच माणसं तिथेच परत झोपली तर हा फरक गेला. तुम्ही अख्खं शहर बदललंय, आवाज, उजेड, पलंगाची दिशा सगळंच, तर थोडे जास्त दिवस लागतील. जुनी चादर, जुनी उशी, जुन्या घरात पलंगाच्या ज्या बाजूला झोपायचात तीच बाजू, आणि झोपायची वेळ रोज एकच. महिना उलटला तरी असंच राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ताई, मी २७, पुढच्या महिन्यात निघतोय. दहा वर्षं या शहरात होतो, शिकायला आलो आणि इथलाच झालो. अर्धे मित्र म्हणतात क्लीन ब्रेक घे, सहा महिने इकडे फिरकूच नको. अर्धे म्हणतात दर वीकेंडला ये, एका रात्रीचा तर प्रवास आहे. आणि निघण्याआधी काय काय करू ते पण सांगा, सुचतच नाहीये.

उत्तर : दोन्ही नको. आपलं काही सुटलं की माणूस कधी त्याच्या आठवणीत जातो, कधी पुढच्या कामाला लागतो, परत आठवणीत येतो, आणि या जाण्यायेण्यातूनच तो सावरतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट यांनी १९९९ मधे दुःखाबद्दल हेच मांडलं. क्लीन ब्रेक घेतलास तर आठवण काढायला बंदी होते, दर वीकेंडला आलास तर पुढच्या कामाला.

दर वीकेंडला येण्यात एक नुकसान आहे जे पटकन दिसत नाही. नव्या शहराच्या वाट्याला फक्त सोमवार ते शुक्रवार येतात. मग ते शहर म्हणजे ट्रॅफिक, लॅपटॉप आणि रात्री उशिरा दमून पडणं, आणि जुनं शहर म्हणजे मित्र आणि सुट्टी. असं करून कुठलं शहर कुणाला आवडेल? तर पहिले पाच सहा वीकेंड तिथेच काढ, कंटाळा आला तरी. आणि जाण्याआधीच परत यायचं पहिलं तिकीट काढून ठेव, तारीख हातात असली की मन तेवढं सैरभैर होत नाही.

निघताना सगळे निरोपाची पार्टी करतात, ती करच. पण ज्यांची नावं पण आपल्याला माहीत नसतात अशा लोकांना कुणी सांगत नाही, बिल्डिंगचा वॉचमन, केस कापणारा, वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारणाऱ्या बाई. त्यांना सांगून जा. एक दिवस प्रसिद्ध जागा बघायला न जाता तुझाच रोजचा रस्ता सावकाश चाल, जमलं तर आवाज रेकॉर्ड करून ठेव. फोटो सगळ्यांकडे असतात, आपल्या गल्लीचा सकाळचा आवाज कुणाकडेच नसतो.

बाकी कोरडी कामं : डॉक्टरची फाइल, चष्म्याचा नंबर, दाताचे एक्सरे, चालू औषधांची चिठ्ठी हे सगळं मागून घे. जुना फोन नंबर लगेच बंद करू नकोस, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. तिथे पहिलंच घर लांबच्या कराराने घेऊ नकोस, शहर कळायच्या आधी भाग निवडता येत नाही. कुठलंही घर बघायचं तर सकाळी ऑफिसच्या वेळेला एकदा आणि रात्री दहानंतर एकदा, दोनदा बघ.

आणि काही नवीन सुरू करायचं मनात असेल, व्यायाम, वाचन, काहीही, तर पहिल्याच आठवड्यात कर. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मधे कॉलेज बदलून दुसरीकडे गेलेल्या मुलांवर अभ्यास केला तेव्हा दिसलं की जागा बदलली की जुन्या सवयींची पकड सुटते. वाईट सवय मोडायला आणि चांगली लावायला ही वेळ सोन्यासारखी असते.

प्रश्न : मॅडम, वय ४१, एकटा राहतो, घरून काम करतो. दोन महिन्यांपूर्वी शहर बदललं. इथे कुणीही ओळखीचं नाही. दोन तीन मीटअपला जाऊन आलो, लोक छान बोलतात, नंबर घेतात, पुढे काहीच होत नाही. जुने मित्र फोन करतात पण ते पण कमी होत चाललंय. या वयात मैत्री होत नाही असं म्हणतात ते खरं असावं.

उत्तर : वयापेक्षा तासांचा प्रश्न आहे असं मला वाटतं. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मधे नेमकं तुमच्यासारख्यांनाच विचारलं, नुकतेच शहर बदललेल्या मोठ्या माणसांना. नुसत्या ओळखीची थोडीफार मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. शाळा कॉलेजात हे तास फुकट मिळतात, रोज सहा सात तास एका बाकावर, म्हणून तेव्हाची मैत्री आपोआप झाल्यासारखी वाटते. मीटअपला तुम्ही दोन तास भेटता आणि पुढच्या वेळी तिथे वेगळीच माणसं असतात, म्हणजे मोजणी परत शून्यापासून. आठवड्यातून एकदा दोन तास त्याच माणसाला भेटलात तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, हे माहीत असलं की दोन महिन्यांत माणूस निराश होत नाही.

म्हणून असं काहीतरी निवडा जिथे तीच माणसं परत परत येतात. गाण्याचा क्लास, ट्रेकचा ग्रुप, बॅडमिंटन, एखाद्या संस्थेत दर शनिवारी काम, काहीही, आवड थोडी कमी असली तरी चालेल पण माणसं तीच हवीत. पहिले काही आठवडे कुणाशी फार बोलणं झालं नाही तरी जात राहा. पिट्सबर्ग विद्यापीठात १९९२ मधे एक गंमतशीर प्रयोग झाला होता, दिसायला साधारण सारख्या चार मुलींना एका वर्गात बसायला पाठवलं, एक कधीच गेली नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा गेल्या. कुणाशी बोलायचं नाही, यायचं, बसायचं, जायचं. टर्मच्या शेवटी वर्गातल्या मुलांना चौघींचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली ती जास्त आवडली. एक शब्द न बोलता! तुम्ही नुसतं दिसत राहणं हे पण काम आहे.

घरून काम असल्यामुळे तुमच्या दिवसात अर्धवट ओळखीची माणसंच येत नाहीत, हे मला जास्त काळजीचं वाटतं. २०१४ मधे जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी दाखवलं की अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी जास्त बोलणं होतं त्या दिवशी लोक जास्त आनंदी असतात, आपण इथले आहोत असं वाटतं. तर सामान घरपोच मागवणं आठवड्यातून दोन दिवस तरी बंद करा, एकाच दुकानात, एकाच वेळी जा. काही आठवड्यांनी तो माणूस तुम्ही न मागता तुमची नेहमीची वस्तू पुढे ठेवेल. तो दिवस तुमच्या लक्षात राहील बघा.

जुन्या मित्रांचं : सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांना २०१५ मधे दिसलं की पुरुषांची लांबची मैत्री नुसत्या फोनवर टिकत नाही, एकत्र काहीतरी करण्यावर टिकते. तेव्हा "कसा आहेस" फोन कमी झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ऑनलाइन बुद्धिबळ खेळा, एकाच वेळी मॅच लावून फोन चालू ठेवा, वर्षातली एक ट्रिप ठरवून टाका.

प्रश्न : बाळा, तुला अगं म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी ६९ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले, सहा महिन्यांपूर्वी मुलाने मला त्याच्या शहरात आणलं. मुलगा, सून दोघं फार चांगली आहेत, मला कशाला हात लावू देत नाहीत. पण तिथे मला नावाने हाक मारायचे गं लोक. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, रस्त्यात कुणीतरी "बाई" म्हणून थांबवायचंच. इथे मी फक्त ह्याची आई. आता मुलगा तिथलं घर विकूया म्हणतोय. मला नको वाटतं पण त्याला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं. आधी घराचं सांगते, ते आत्ता विकू नका. मुलाला सरळ सांगा, "निदान वर्षभर थांबूया, मग बघू." काका गेले, शहर गेलं, आणि आता घर पण, एवढं सगळं एकाच दमात नको. भाड्याने देता येईल, बंद ठेवता येईल, मधेमधे जाऊन राहता येईल. पैशाची अगदी निकड असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणताय, पण दोन वर्षांनी त्याला कळलं की आईला मनातून नको होतं तर त्याला याहून जास्त लागेल.

दुसरं, "कशाला हात लावू देत नाहीत" हे. मुलं हे प्रेमाने करतात, मला शंका नाही. पण १९७६ मधे एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी एका वृद्धाश्रमात बघितलं होतं. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमची खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि एकेक रोप दिलं, त्याची काळजी तुम्ही घ्या म्हणून. दुसऱ्या मजल्यावर तेच रोप दिलं पण पाणी नर्स घालेल म्हणाले, बाकीचं पण सगळं आम्ही बघू. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त हिंडतीफिरती झाली होती. तर काकू, घरातलं एखादं काम पूर्ण तुमचं मागून घ्या, आणि शक्यतो असं की ज्यासाठी घराबाहेर पडावं लागेल, बँकेत जाणं, भाजी आणणं, नातवंडं असतील तर त्यांना क्लासला सोडणं. पहिले काही दिवस मुलगा बरोबर आला तरी नंतर एकट्याच जा. फोन नंबर आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी पर्समधे ठेवा, बसचा पास स्वतःच्या नावाचा काढा.

आणि नाव. ३१ वर्षं ज्या हाकेला वळून बघितलं ती कानावर पडत नाही हे लहान दुःख नाहीये. जवळच्या वाचनालयात किंवा एखाद्या संस्थेत जाऊन सांगा की मी शिक्षिका होते, आठवड्यातून दोन दिवस मुलांचा अभ्यास घेईन. ओळख करून देताना मुलाचं नाव सांगू नका, स्वतःचं पूर्ण नाव आणि "मी अमुक विषय शिकवायचे" एवढंच सांगा. जुने विद्यार्थी सगळीकडे पांगलेले असतात, या शहरात पण असतील, मुलाला सांगून शोधायला लावा.

ज्यांनी आई किंवा बाबांना आपल्या शहरात आणलंय आणि हे वाचताय, त्यांनी आज एवढंच विचारा, "तिकडचं कोण कोण आठवतं?" आणि मधे न बोलता ऐका.

प्रश्न : शहर सोडून दोन वर्षं झाली. रुळले पण मन नाही लागलं. जुन्या शहरात नोकरी मिळतेय, पगार थोडा कमी. परत गेले तर लोक म्हणतील जमलं नाही हिला. जाऊ का?

उत्तर : लोकांचं सोड, दोन आठवडे बोलतील. पण स्वतःला फसवायला नको म्हणून थोडं बघून घे. १९९८ मधे डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन यांनी कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मध्य भागातल्या मिळून जवळपास २,००० विद्यार्थ्यांना आपापल्या आयुष्याबद्दल विचारलं. दोन्हीकडच्यांना वाटत होतं की छान हवेच्या कॅलिफोर्नियात राहणारे जास्त सुखी असणार, प्रत्यक्षात दोन्हीकडचे सारखेच समाधानी निघाले. शहराचा विचार करताना आपण जे ठळक आहे तेच बघतो, आणि रोजचं जगणं, साहेब कसा आहे, घरापासून ऑफिस किती लांब, संध्याकाळी कोण भेटतं, ते राहून जातं.

तर जुन्या शहरात एकदा दहा दिवस राहून ये, सुट्टीवर म्हणून नको, लॅपटॉप घेऊन कामाच्या दिवसांत. मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून उतरलीस तर सगळे तुझ्यासाठी वेळ काढतील आणि तुला खरं काही कळणार नाही, खोली भाड्याने घे. नव्या नोकरीच्या ऑफिसला गर्दीच्या वेळी जाऊन बघ. ज्या माणसांसाठी परत जायचंय त्यातली किती तिथे उरलीत आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणाला भेटायला जमतंय ते बघ. दोन वर्षांत काहींची लग्नं झाली असतील, काही स्वतःच शहर सोडून गेली असतील.

आणि एवढं बघूनही जावंसं वाटलं तर जा. पगार थोडा कमी म्हणतेस, तर होकार द्यायच्या आधी तिथलं आत्ताचं घरभाडं विचारून घे, तू सोडलंस तेव्हाचं नको. आणि घर जुन्याच गल्लीत हवं असा हट्ट न करता ऑफिसजवळ बघ.